तारखेच्या अलीकडचा ऊस आणि पलीकडचा ऊस



गेल्या महिन्यात भावकीतला एक पुतण्या वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आमच्या ओट्यावर आला. म्हणाला, "काका, हे वाचा जरा आणि आपलं बिल बुडालं का राहिलं तेवढं सांगा." मागच्या एका हंगामात आपल्या कारखान्याची तोड त्याच्या फडात वेळेवर पोचली नाही. रान मोकळे करून त्याला गहू करायचा होता. म्हणून त्याने दोन एकरांचा ऊस शेजारच्या तालुक्यातील एका खाजगी कारखान्याला घातला. (तोडीच्या प्रोग्रॅमबद्दल शेतकी खात्याला मी या पानावरून पूर्वी दोनदा बोललो आहे, आज पुन्हा बोलत नाही.) पहिली उचल मिळाली, बाकीचे बिल अडकले ते अडकलेच. आता त्या कंपनीवर दिवाळखोरी कायद्याखाली कारवाई सुरू झाली असून ज्यांचे येणे असेल त्यांनी आपले दावे दाखल करावेत, अशी ती जाहीर सूचना होती. कात्रण दीड महिन्यापूर्वीचे होते. पोराने ते कुणाच्या तरी दुकानातून आणले होते.

त्याच्यासाठी म्हणून मी तालुक्याच्या वकिलांकडे दोन हेलपाटे घातले, कायदा वाचला, विचारपूस केली. जे समजले ते सर्वांपुढे ठेवावे असे वाटले. आपण सहकारी कारखान्याचे सभासद असलो तरी आपल्यातले कितीतरी जण थोडाफार ऊस बाहेर घालतात, हे काट्यावरच्या माणसालाही ठाऊक आहे. शिवाय या प्रकरणाचा एक पाय आपल्या दारातही आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

पूर्वी कंपनी बुडाली की काय होई, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. १९८५ साली आजारी उद्योगांचा कायदा आला आणि बीआयएफआर नावाचे मंडळ बसले. तिथे प्रकरण नोंदले की वसुलीला स्थगिती मिळायची. खुर्चीवर मालक तोच, बँक दारात उभी, कामगार फाटकावर, आणि आत यंत्रे गंजत पडलेली. वर्षामागून वर्षे जायची. अखेर विक्री व्हायची ती भंगाराच्या भावाने. २०१६ साली संसदेने नवीन दिवाळखोरी कायदा केला आणि कंपन्यांची ही प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे गेली. महाराष्ट्रातील कंपन्यांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे.

या न्यायाधिकरणाच्या हातात बळ मोठे आहे. प्रकरण दाखल करून घेतले त्याच दिवशी संचालक मंडळाचे अधिकार जातात. न्यायाधिकरणाने नेमलेला माणूस कारखान्याचा ताबा घेतो. त्याला कागदोपत्री रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणतात, आपण व्यवस्थापक म्हणू. जुन्या संचालकांनी गोडाऊनच्या किल्ल्या दिल्या नाहीत, वह्या लपवल्या, तर तो न्यायाधिकरणाकडे जातो आणि त्यांना हुकूम होतो. हा हुकूम दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि मोडला तर अवमानाची कारवाई होते. दुसरे असे की, कंपनी बुडते आहे हे दिसल्यावर मालकाने डिस्टिलरीची जागा मेहुण्याच्या नावे कवडीमोलाने केली असेल, तर न्यायाधिकरण तो व्यवहार उलटवून जागा परत कंपनीत आणू शकते. नात्यातल्या माणसाशी झालेला व्यवहार असेल तर मागची दोन वर्षे तपासतात, परक्याशी झालेला असेल तर एक वर्ष. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने केलेला व्यवहार असेल, तर या मुदतीचे बंधनही राहत नाही.

आणि सर्वांत मोठे बळ पुढे आहे. कारखाना घेणाऱ्याची योजना मंजूर झाली की ती सर्वांना बांधील असते. कंपनीला, कामगाराला, बँकेला, राज्य सरकारलासुद्धा. नवा मालक कोऱ्या पाटीवर बसतो. योजनेत ज्या येण्याचा उल्लेख नाही ते येणे संपले, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा यांच्या कंपनीच्या प्रकरणात स्वच्छ सांगितले. २०२० च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. जुन्या मालकाच्या गुन्ह्यापायी, त्याच्याशी संबंध नसलेल्या नव्या मालकाच्या हाती आलेली मालमत्ता जप्त करता येत नाही.

हे बळ नको असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आपण कारखानदारीतली माणसे आहोत. एक हंगाम बॉयलर पेटला नाही तर नळ्यांचे काय होते, मिलचे रोलर कसे होतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. हस्तांतर रखडले तर काय होते याचे उदाहरण मुंबईच्या जेट एअरवेज कंपनीचे. तिची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली, पण घेणाऱ्याने पैसे भरण्याच्या अटी पुऱ्या केल्या नाहीत. तीन वर्षे नुसती तारखांवर गेली. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा हुकूम दिला. भूषण पॉवर अँड स्टीलची गत याहून न्यारी. जेएसडब्ल्यू स्टीलने सुमारे १९,३५० कोटींची बोली देऊन २०२१ साली ती कंपनी ताब्यात घेतली, चालवली, वाढवली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजनाच रद्द करून कंपनी अवसायनात घालायला सांगितले, जुलैत तो निकाल स्वतःच मागे घेतला, आणि सप्टेंबरमध्ये योजना कायम केली. एवढ्या मोठ्या घेणाऱ्याला चार वर्षांनी असा घोर लागत असेल, तर बंद पडलेला साखर कारखाना घ्यायला कोण पुढे येईल? दिलेला ताबा पक्का पाहिजे, हे मान्यच आहे.

प्रश्न आहे तो पाटी कोरी करताना कुणाचे नाव पुसले जाते याचा.

आता आपल्या ऊसबिलाचे पाहू. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने दंडक घालून दिला की, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर सालीना १५ टक्के व्याज. पैसे थकले की साखर आयुक्त वसुली दाखला काढतात आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करतात. या दाखल्यावर आपला मोठा भरवसा असतो. "आरआरसी निघालीय, आता पैसे कुठं जातात!" असे पारावर आपण म्हणतो. पण न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतले की कंपनीविरुद्धच्या सगळ्या वसुल्या थांबतात, जिल्हाधिकाऱ्यांचीही थांबते. या कायद्याशी विसंगत असलेल्या इतर कायद्यांवर या कायद्याची मात्रा चालते. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीने आपल्या राज्याच्या १९५८ च्या कायद्याची ढाल पुढे केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्येच बाजूला सारली.

मग ऊस उत्पादक कुठे बसतो? कायद्याने धनकोंचे दोन भाग केले आहेत. कर्ज देणारे, म्हणजे बँका, एका बाजूला. माल किंवा सेवा देणारे दुसऱ्या बाजूला. आपण ऊस दिला म्हणजे माल दिला, म्हणून आपण दुसऱ्यांत. कारखाना कुणाला द्यायचा हे ठरवते धनकोंची समिती आणि तिच्यात मत फक्त बँकांना. माल देणाऱ्यांचे एकूण येणे सर्व कर्जाच्या १० टक्के झाले तर त्यांचा एक प्रतिनिधी सभेला जाऊन बसू शकतो. बसू शकतो, हात वर करू शकत नाही. स्वतः अर्ज करून कंपनीला तिथे खेचावे म्हटले, तर मार्च २०२० पासून थकबाकीची किमान रक्कम एक लाखावरून एक कोटी झाली. एका शेतकऱ्याचे एक कोटीचे ऊसबिल मी तरी पाहिलेले नाही.

कारखाना घेणारा कुणी मिळाला नाही आणि कंपनी अवसायनात गेली, तर पैसे वाटण्याची पंगत ठरलेली आहे. आधी या सगळ्या कारवाईचा खर्च. मग कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी, आणि त्यांच्याच पाटाला पाट लावून तारणवाल्या बँका. मग इतर नोकरांचे वर्षभराचे पगार. मग बिनतारणी कर्जे. मग सरकारची देणी. त्यानंतर "इतर देणी", आणि तिथे आपण. आपल्यामागे भागधारक सोडले तर कुणी नाही. कारखाना चालू अवस्थेत कुणी घेतला, तरी आपल्याला किमान काय मिळावे ते याच पंगतीवरून मोजतात. आणि आपल्यापर्यंत वाढपी येईतो भांडे खरवडून झालेले असते.

गोडाऊनमध्ये दिसणारी साखर पाहून धीर धरणाऱ्यांनी आणखी एक निकाल ध्यानात ठेवावा. कर्नाटकात बळ्ळारीकडे सिरुगुप्पा शुगर्स नावाचा कारखाना होता. त्याची साखर बँकेकडे गहाण होती. ऊस आयुक्त म्हणाले, आधी शेतकऱ्यांचे बिल द्या. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले की, गहाण घेणाऱ्या बँकेचा हक्क आधी. ऊस आपला, साखर आपल्या उसाची, पण पोत्यावर नाव बँकेचे.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलेल्या तारखेनंतर व्यवस्थापक कारखाना चालवतो. चालवायचा तर ऊस पाहिजे. त्या तारखेनंतर घातलेल्या उसाचे पैसे हे कारखाना चालवण्याच्या खर्चात धरतात, आणि हा खर्च पंगतीत सर्वांच्या आधी. म्हणजे त्या तारखेच्या आदल्या दिवशी काट्यावरून गेलेली गाडी शेवटच्या पंगतीला आणि दुसऱ्या दिवशी गेलेली गाडी पहिल्या पंगतीला. फड तोच, टोळी तीच, सरीही तीच. पुतण्याच्या बांधाला बांध असलेल्या एका गृहस्थांना त्याच कारखान्याकडून रोकडे पैसे मिळाले, ते यामुळे. गावात मात्र बोलबाला झाला की त्यांनी कुणाचा तरी वशिला लावला. तसे काही नाही. तारीख त्यांच्या बाजूने पडली, इतकेच.

कायद्याने असा फरक का केला, ते समजू शकते. आजारी घोड्याला पुढचा चारा कुणी उधार देणार नाही, म्हणून चारा देणाऱ्याला आधी पैसे. पण मागचा चारा देणाऱ्याने तरी राजीखुशीने उधारी कुठे दिली होती? बँकेने कर्ज दिले ते कागद पाहून, तारण घेऊन, व्याज लावून. शेतकऱ्याने १४ दिवसांत पैसे मिळतील या सरकारी आदेशावर विसंबून ऊस घातला. उसाची गोष्ट कापसासारखी नाही की भाव नाही तर घरात ठेवला. तोडल्यावर दोन दिवस फडात राहिला की वजन घटते, उतारा घटतो. कारखान्याशी घासाघीस करायला त्याच्याजवळ वेळच नसतो. कामगाराने आधी घाम दिला आणि पगार मागाहून मिळायचा, म्हणून कायद्याने त्याला वरच्या पंगतीला बसवले, ते योग्यच केले. ऊस उत्पादकाची स्थिती याहून काय वेगळी आहे?

म्हणून माझे म्हणणे असे की, न्यायाधिकरणाचे ताबा देण्याचे बळ कमी करू नये, पण ऊसबिलाला कामगारांच्या शेजारी पाट मांडावा. यावर आपल्याच कारखान्यातील एका माजी संचालकांनी माझ्याशी वाद घातला. ते म्हणाले, "असं केलं तर बँका हंगामपूर्व कर्जच द्यायच्या नाहीत. मग तोडणी-वाहतुकीचे ॲडव्हान्स कशातून वाटणार?" मुद्दा खोटा नाही. बँकेने हात आखडला तर पहिला फटका आपल्यालाच. म्हणून मी मागची सगळी थकबाकी म्हणत नाही. शेवटच्या एका हंगामाचे, रास्त आणि किफायतशीर दरापुरते बिल वर घ्यावे. एका हंगामाचा हिशेब बँकेला आधीच करता येतो. दोन-दोन, तीन-तीन हंगाम बिल थकेपर्यंत बँका गप्प बसतात, त्या अशाने कदाचित लवकर जाग्या होतील. संचालक साहेबांना हे पुरते पटले नाही. त्यांनी वाटल्यास पुढच्या अंकात लिहावे.

आता आपल्या दारातल्या पायाबद्दल.

आपला सहकारी कारखाना कंपनी कायद्याखालचा नाही. आपले अवसायन सहकार कायद्याने, निबंधकांच्या हातून होते. पण म्हणून आपण सुरक्षित आहोत असे नाही. बँकेचे कर्ज थकले तर २००२ च्या सिक्युरिटायझेशन कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात न जाता, गहाण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांना हा अधिकार आहे की नाही, यावर बरीच वर्षे वाद चालला. तो मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मिटवला, आणि तोही आपल्या भागातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात. अधिकार आहे. याच कायद्याने राज्य सहकारी बँकेने राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने विक्रीला काढले, हे सर्वांना ठाऊक आहे. ताबा गेल्यावर दाद मागायला ४५ दिवस, तीही कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे.

हे होऊ नये म्हणून कारखाना भाडेतत्त्वावर देण्याची टूम निघाली आहे. आपल्याकडेही अधूनमधून हा विषय निघतो. मी सरसकट विरोध करणारा नाही. पण भाड्याने घेणारी बहुधा कंपनी असते, आणि ती कंपनी उद्या दिवाळखोरीत गेली तर? मालकी आपलीच राहते. दुसऱ्याची म्हणून कराराने वापरात असलेली मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत. परंतु कायद्याची स्थगिती असेपर्यंत कंपनीच्या वापरात असलेली जागा मालकालाही काढून घेता येत नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरची जमीन म्हाडाची, बिल्डर दिवाळखोरीत गेलेला. तरी फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हाडाला स्थगिती असेपर्यंत ताबा घेऊ दिला नाही. कायद्याने या कामाला ३३० दिवसांची शीव घातली आहे खरी, पण बहुतेक प्रकरणे तिच्या पुष्कळ पलीकडे जातात. तेवढ्यात आपले दोन हंगाम गेले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अंधेरीच्या सेव्हन हिल्स रुग्णालयाची जमीन मुंबई महापालिकेची, भाडेपट्ट्याने दिलेली. रुग्णालयाची कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर घेणाऱ्याच्या योजनेत ती जमीनही ओढली गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, महापालिकेच्या संमतीशिवाय तिच्या जमिनीवर असा बोजा टाकता येत नाही. म्हणजे ताबा काही काळ अडकेल, पण मालकाची जमीन न्यायाधिकरण परस्पर तिसऱ्याला देऊ शकत नाही. मात्र त्या निकालात महापालिकेचा स्वतःचा कायदा आणि भाडेकराराच्या अटी तिच्या कामी आल्या. आपल्या करारात काय असेल, ते आपणच पाहायचे.

"भाडेकरू दिवाळखोरीत गेल्यास करार आपोआप रद्द" असे एक कलम घालून वकील मंडळी निश्चिंत होतात. त्यावर विसंबू नये. गुजरात ऊर्जा विकास निगमने सौर वीज खरेदीचा करार अशाच कलमावर मोडायला घेतला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तो मोडू दिला नाही. करार रद्द करायचा हक्क भाडे थकल्यावर, ऊसबिल थकल्यावर, यंत्रांची निगा न राखल्यावर असावा आणि तो वेळेत बजावावा. न्यायाधिकरणाचे दार उघडल्यानंतर जागे होऊन उपयोग नाही.

पुतण्याचे काय झाले ते राहिलेच. मुदत दोन आठवड्यांची होती, ती उलटून गेली होती. पण पहिल्या ९० दिवसांपर्यंत उशिराचे कारण देऊन दावा घालता येतो, हे वकिलांनी सांगितले. वजन-पावत्या, पहिल्या उचलीची बँकेतली नोंद, साखर आयुक्तांच्या यादीतले त्याचे नाव, हे सगळे जोडून दावा रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवला. चार पावत्या सापडेनात, त्या वैरणीच्या माळ्यावर एका डब्यात निघाल्या. त्याच गावातल्या आणखी सतरा जणांचे कागद आम्ही गेल्या आठवड्यात बसून केले. तिघांकडे एकही पावती नाही. स्लिपबॉयच्या वहीवर त्यांचे कसे भागवता येईल ते पाहतो आहोत.

ज्या सभासदांनी त्या कारखान्याला ऊस घातला असेल त्यांनी पावत्या घेऊन शेतकी ऑफिसात भेटावे, सोमवारी आणि गुरुवारी मी सकाळी तिथे असतो. आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. भाडेकराराचा कोणताही मसुदा मंडळाने सही करण्यापूर्वी किमान महिनाभर नोटीस बोर्डावर लावावा, आणि भाड्याची दोन हंगामांची रक्कम आगाऊ ठेव म्हणून घेतल्याशिवाय ताबा देऊ नये. अनुमोदन देण्यास कोण तयार आहे, त्यांनी सभेआधी कळवावे.

— एक ऊस उत्पादक सभासद